धर्मप्रांताची पुनर्रचना

बिशपच्या देखरेखीखाली येणाऱ्या मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, प्रदेशाला धर्मप्रांत किंवा डायोसिस म्हणतात. त्याच्या सीमा, सभा आणि अधिकार नव्याने ठरवणे म्हणजे पुनर्रचना. मार्टिन लूथरच्या प्रॉटेस्टंट सुधारणेतून आलेल्या लूथरन परंपरेत तिला धर्मतत्त्वाची आडकाठी नाही. सुवार्ता आणि संस्कार यांवर एकमत असले की पुरे, माणसांनी घालून दिलेल्या रीती सगळीकडे सारख्या नसल्या तरी चालेल, असे १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराचे, म्हणजे लूथरनांच्या मूळ श्रद्धापत्राचे, सातवे कलम सांगते. म्हणूनच १९८८ मध्ये अमेरिकेतील तीन लूथरन संस्था एक झाल्या, तेव्हा नव्या चर्चचे ६५ सिनॉड, म्हणजे प्रादेशिक विभाग, आखता आले. २०१२ मध्ये उत्तर जर्मनीतील तीन चर्चही एकत्र आली.

मुंबईत हा अनुभव मुख्यतः अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, वारशातून आला. १८३७ मध्ये मुंबई कलकत्त्याच्या धर्मप्रांतापासून वेगळी झाली आणि फोर्टमधले सेंट थॉमस हे कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, बनले. १९२९ मध्ये नाशिक वेगळे निघाले. खरा कस लागला तो २९ नोव्हेंबर १९७० रोजी. नागपूरला सहा चर्चसंस्थांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि स्कॉटिश मिशनच्या परंपरेतले गिरगावचे आंब्रोली चर्च, अमेरिकन मराठी मिशनचे भायखळ्याचे ह्यूम मेमोरियल आणि सेंट थॉमस एकाच बिशपच्या छत्राखाली आली. यांपैकी पहिल्या दोन परंपरांना बिशप ठाऊकच नव्हता. त्यांचा कारभार वडीलवर्ग आणि मंडळीची सभा पाहत असे. त्यांनी हे स्वीकारले, ही मराठी ख्रिस्ती इतिहासातली मोठी गोष्ट आहे. आज मुंबईखेरीज नाशिक, पुणे, कोल्हापूर, मराठवाडा आणि नागपूर असे या चर्चचे महाराष्ट्रात धर्मप्रांत आहेत.

नकाशावरची रेघ हलवणे त्यामानाने सोपे; जमिनी, शाळा आणि चर्चच्या इमारती कोणाच्या, हा प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतो. जुन्या मुंबई राज्यात अशा मालमत्तांना १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा लागू झाला. विलीन झालेल्या सहांपैकी एक असलेल्या ब्रेदरन मंडळीच्या गुजरातमधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने नोंदणीकृत न्यासाची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. कायद्याने घालून दिलेल्या मार्गानेच जावे लागते. त्यामुळे धर्मप्रांत फोडायचा वा जोडायचा, तर सिनॉडच्या, इथे चर्चच्या सर्वोच्च सभेच्या, मंजुरीइतकेच धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातले काम महत्त्वाचे ठरते: विश्वस्त बदलले की कलम २२ खाली बदल अर्ज, जागा विकायची तर कलम ३६ खाली पूर्वपरवानगी.