खून, पण नियमात बसणारा

१९३१ साली लंडनमधल्या रहस्यकथालेखकांच्या एका क्लबाने मिळून एक कादंबरी लिहिली. 'द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल' हे तिचं नाव. नदीत वाहत आलेल्या होडीत एका निवृत्त अ‍ॅडमिरलचं प्रेत सापडतं, आणि ती होडी निघते गावच्या पाद्रीबुवांची. एका लेखकाने एक प्रकरण लिहायचं आणि कागद पुढच्याच्या हवाली करायचे, असा सगळा मामला. पण त्यात एक मेख होती. मागच्यांनी पेरलेला एकही धागा दुर्लक्षून चालणार नव्हतं, आणि स्वतः घातलेली प्रत्येक गाठ कशी सुटते याचं उत्तर मनाशी पक्कं असायला हवं होतं. नुसता गुंता वाढवायचा आणि पुढच्याच्या गळ्यात मारायचा, हे मंजूर नव्हतं. लेखकांनी आपापल्या उकली लिहून दिल्या आणि त्या पुस्तकाच्या शेवटी छापल्याही गेल्या. त्याच त्या खुनाच्या इतक्या वेगवेगळ्या उकली, आणि बहुतेक सगळ्या पटण्यासारख्या! शेवटचं प्रकरण अँथनी बर्कलीच्या वाट्याला आलं. त्याने त्याचं शीर्षकच 'पसारा निस्तरताना' अशा अर्थाचं ठेवलं.

दोन महायुद्धांमधल्या इंग्रजी रहस्यकथेला 'सुवर्णयुग' म्हणतात. हे नाव रूढ होण्याच्या सुरुवातीला जॉन स्ट्रेची या मार्क्सवादी लेखकाचा १९३९ सालचा एक लेख आहे. जमीनदारांच्या हवेल्या, बटलर आणि दुपारचा चहा यांनी भरलेल्या वाङ्मयाचं कौतुक एका मार्क्सवाद्याने करावं, ही गंमतच. पण या कथांची भूल कुणालाही पडत होती, आणि ती का पडत होती हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

एडगर अ‍ॅलन पोने १८४१ मध्ये बंद खोलीतल्या खुनाची कथा लिहिली, तिथपासून बुद्धीने गुन्हा उलगडणारा नायक इंग्रजीत आहे. १८८७ मध्ये शेरलॉक होम्स आला आणि त्याने सगळ्यांना झाकोळून टाकलं. मात्र होम्स वाचताना वाचक स्पर्धेत नसतो. बुटावरचा चिखल होम्सला दिसतो आणि त्याचा अर्थ तो निष्कर्ष काढून झाल्यावर आपल्याला सांगतो. आपण वॉटसनच्या शेजारी बसून थक्क व्हायचं. त्यात मजा आहेच, पण ती जादूचे प्रयोग बघण्याची मजा. पहिल्या महायुद्धानंतर जी पिढी लिहू लागली तिने वाचकाला प्रेक्षागृहातून उठवून थेट पटासमोर बसवलं.

१९२० मध्ये दोन नवखे लेखक एकदमच छापून आले. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स हा उत्तर आयर्लंडमधला रेल्वे इंजिनियर. लांबलेल्या आजारपणात वेळ घालवायला म्हणून त्याने कादंबरी लिहायला घेतली. गाड्यांची वेळापत्रकं, बोटींच्या फेऱ्या आणि मालाच्या पावत्या यांतून आरोपीची 'मी तेव्हा तिथे नव्हतोच' ही सबब इंचाइंचाने उसवत नेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दुसरी होती अ‍ॅगाथा ख्रिस्ती. युद्धकाळात टॉर्की गावच्या इस्पितळात ती औषधं तयार करून देण्याच्या विभागात काम करत होती. विषांच्या बाटल्या रोज हाताखालून जात, गावात बेल्जियन निर्वासित येऊन राहिले होते, आणि तुला रहस्यकथा लिहायला जमायची नाही म्हणून मोठ्या बहिणीने डिवचलं होतं. या तिन्हींतून 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' तयार झाली.

त्या कादंबरीतला विषप्रयोग जवळून बघण्यासारखा आहे. (खुनी कोण ते सांगत नाही, शंभर वर्षं झाली तरी तो शिष्टाचार पाळायला हवा.) एका वृद्ध बाईंच्या टॉनिकमध्ये औषधी प्रमाणात स्ट्रिक्नीन असतं. रोजच्या चमच्यात ते इतकं कमी की अपाय काही नाही. आता त्याच बाटलीत झोपेसाठीची ब्रोमाइडची पूड घातली तर काय होतं? सगळं स्ट्रिक्नीन स्फटिक होऊन तळाशी बसतं आणि शेवटच्या घोटात एकदम पोटात जातं. म्हणजे खून घडतो तेव्हा खुनी कुठेही असू शकतो. टॉनिक, झोपेच्या पुड्यांची रिकामी डबी, हे सगळं वाचकाच्या नजरेखालून गेलेलं असतं. औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने या रसायनशास्त्राची तारीफ केली होती. तरीही माझ्या मते हा डाव पुरता सचोटीचा नाही. कंपाउंडरखेरीज कुणाला हे ठाऊक असणार? पुढे ख्रिस्तीने ही पद्धत मागे टाकली आणि कुणालाही समजेल अशीच गोष्ट सर्वांसमक्ष ठेवून लपवायला ती शिकली. तिचं खरं मोठेपण तिथून सुरू होतं.

याच पुस्तकाच्या मूळ खर्ड्यात ख्रिस्तीचा बेल्जियन गुप्तहेर पॉयरो सगळा उलगडा कोर्टात साक्ष देताना करत होता. प्रकाशक जॉन लेनला हे पटलं नाही, म्हणून तिने तो प्रसंग घराच्या दिवाणखान्यात हलवला. सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवून एकेकावर बोट रोखत जायचं, हे पुढे या प्रकाराचं जणू उपनयनच होऊन बसलं. त्याला एका प्रकाशकाची हरकतही कारणीभूत आहे.

१९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मध्ये खोलीतली एक उंच पाठीची खुर्ची जागेवरून थोडी पुढे ओढलेली असते. प्रेत सापडलं तेव्हा ती एका जागी होती, पोलीस आले तेव्हा दुसऱ्या. पॉयरो त्याबद्दल विचारतो. वाचक मात्र पत्रं, फोन आणि बुटांचे ठसे यांच्या मागे धावत असतो, आणि खुर्चीसारखी खुर्ची डोळ्यांदेखत निसटते. शेवट वाचून तेव्हा काहींनी फसवणूक झाल्याची ओरड केली. रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्सने ख्रिस्तीची बाजू घेतली: सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचं कामच आहे. मागे जाऊन पानं चाळली की तिचं म्हणणं पटतं. ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना जास्त रंगते, आणि रहस्यकथेबाबत असं क्वचितच म्हणता येतं.

या सगळ्याला वाचक कुठून आला? युद्धाने पोळलेल्या समाजाला सुव्यवस्थेचा दिलासा हवा होता, हे उत्तर नेहमी दिलं जातं. ते अर्धंच खरं वाटतं. दिलासा तर प्रेमकथेतूनही मिळतो. पुस्तकं स्वस्तात घरी नेता येत होती, हे त्याहून रोकडं कारण. बूट्स या औषधांच्या दुकानांच्या साखळीतच वर्गणीची वाचनालयं होती (विषप्रयोगाच्या कादंबऱ्या औषधवाल्याकडून घरी न्यायच्या!), आणि तिसाव्या दशकात दोन पेनी देऊन पुस्तक नेता येणारी छोटी वाचनालयं गल्लोगल्ली निघाली. आणि दुसरं, शब्दकोड्यांचं वेड. पहिलं आधुनिक शब्दकोडं डिसेंबर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आलं आणि १९३० पर्यंत लंडनच्या टाइम्सनेही मान तुकवली. 'ऑब्झर्व्हर'साठी टॉर्केमाडा या नावाने महाकठीण कोडी रचणारा एडवर्ड पॉविस मॅदर्स त्याच पत्रात रहस्यकादंबऱ्यांची परीक्षणंही लिहायचा. बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चा इंग्रजी अवतार करणारा मॅदर्स तो हाच. १९३४ मध्ये त्याने 'केन्स जॉबोन' ही शंभर पानांची रहस्यकथा मुद्दाम पानं उलटीपालटी करून छापली. पानांचा क्रम आणि खुनी, दोन्ही वाचकाने शोधायचे. तेव्हा फक्त दोघांना ते जमलं.

खेळ म्हटला की नियम आलेच. रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने १९२९ मध्ये दहा आज्ञा लिहिल्या: गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या नकोत, आधी कल्पना दिल्याशिवाय जुळे भाऊ आणायचे नाहीत, गुप्तहेराचा मित्र सरासरी वाचकापेक्षा किंचितच मंद असावा. कथेत चिनी माणूस नको, असाही एक नियम होता. आज तो कानाला खटकतो. स्वस्त थरारकथांतून घाऊक भावाने येणाऱ्या 'पाताळयंत्री चिनी खलनायका'वर तो टोमणा होता. यातलं निम्मं थट्टेचंच होतं. १९३० मध्ये रीतसर उभ्या राहिलेल्या डिटेक्शन क्लबात ('फ्लोटिंग अ‍ॅडमिरल' लिहिणारा क्लब तो हाच) तर नव्या सभासदाला एरिक नावाच्या कवटीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे. दैवी साक्षात्कार, बायकी अंतःप्रेरणा, योगायोग किंवा देवाची करणी यांचा आधार घेणार नाही. महत्त्वाचा सुगावा वाचकापासून लपवणार नाही. शास्त्राला अज्ञात अशी विषं वापरणार नाही. पहिले अध्यक्ष होते रहस्यकथालेखक चेस्टरटन.

अमेरिकेत एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या दोघा मावसभावांनी उलगड्याआधी गोष्ट थांबवून वाचकाला जाहीर आव्हान द्यायची प्रथा पाडली: सगळे पुरावे आता तुमच्याकडे आहेत, सांगा बघू. काही पुस्तकांना तर शेवटी सूचीच असे, कोणता सुगावा कितव्या पानावर दिला होता याची. जॉन डिक्सन कारने १९३५ च्या 'द हॉलो मॅन'मध्ये एक अख्खं प्रकरण बंद खोलीतल्या खुनांच्या वर्गवारीवर खर्च केलं. त्याचा गुप्तहेर डॉ. फेल चक्क म्हणतो की आपण रहस्यकथेत आहोत, तसं नसल्याचं ढोंग कशाला करायचं?

शेवटी हा नियमबद्धपणाच अंगाशी आला. १९४४ मध्ये अमेरिकन गुन्हेकथालेखक रेमंड चँडलरने या कथांतल्या कृत्रिम खुनांची यथेच्छ खिल्ली उडवली. पाठोपाठ समीक्षक एडमंड विल्सनने 'रॉजर अ‍ॅक्रॉइडला कुणी मारलं याची पर्वा कुणाला?' असा सवालच शीर्षकात टाकला. पात्रं पुठ्ठ्याची आहेत हा आरोप खराच आहे. पण बुद्धिबळातल्या उंटाला बालपण का नाही, असं कुणी विचारत नाही. कवी ऑडनने १९४८ मध्ये निबंध लिहून हे सरळ व्यसन असल्याचं कबूल केलं. एकदा पुस्तक हातात घेतलं की संपेपर्यंत काम होत नाही, आणि कथा इंग्लंडच्या खेड्यात घडत नसेल तर वाचवत नाही, असं त्याचं म्हणणं.

मराठीत रहस्यकथा म्हटलं की आजही आधी आठवतात ते बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड. वेग, वेषांतर, सुटका यांची ती दुनिया. पुरावे मांडून वाचकाला ललकारण्याचा हा प्रकार आपल्याकडे मुख्यत्वे भाषांतरांतूनच वाचला गेला. जपानने मात्र तो दत्तकच घेतला. सेइशी योकोमिझोने १९४६ मध्ये बंद खोलीतला खून जपानी वाड्यात नेला. पन्नाशीच्या दशकाअखेर सामाजिक वास्तवाच्या रहस्यकथांनी ही परंपरा बाजूला सारली, ती १९८१ मध्ये सोजी शिमादाने वाचकाला पुन्हा आव्हान देऊन उकरून काढली. १९८७ मध्ये युकितो आयात्सुजीच्या पहिल्याच कादंबरीत विद्यापीठाच्या रहस्यकथा मंडळातली पोरं एका निर्जन बेटावर जातात. ती एकमेकांना एलरी, अ‍ॅगाथा, कार, पो अशाच नावांनी हाक मारतात. सुरुवातीलाच एलरी ठणकावतो की रहस्यकथा हा बुद्धीचा खेळ आहे, बाकी काही नाही. मग एकेक जण मरायला लागतो.