शीख पगडीचे रंग

शीख धर्मात पगडी, म्हणजेच दस्तार, बांधणे हे धार्मिक कर्तव्य आहे. ती कोणत्या रंगाची असावी, हे मात्र धर्माने ठरवून दिलेले नाही. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये अंतिम रूप दिलेल्या ‘सिख रहत मर्यादा’ या आचारसंहितेत पोशाखाविषयी फार थोडे सांगितले आहे. शीख पुरुषाने कच्छेरा, म्हणजे विशिष्ट प्रकारची अर्धी चड्डी, घालावा आणि दस्तार बांधावी; स्त्रीने दस्तार बांधावी किंवा न बांधावी, तिची इच्छा. रंगाबद्दल तिथे एक शब्दही नाही. पांढरा म्हणजे शांती, निळा म्हणजे आकाशाएवढे मन, काळा म्हणजे नम्रता, असे जे तक्ते सर्वत्र फिरतात त्यांना शास्त्राचा आधार नाही. काही रंगांना पंथात खरोखर मोठे वजन आहे, पण ते आदेशातून आलेले नसून इतिहासातून आलेले आहे.

गुरू ग्रंथ साहिबमध्ये पगडीचे उल्लेख आहेत. गुरू अर्जनदेवांच्या वाणीत ‘साबत सूरति दसतार सिरा’ असे वचन येते आणि ते शीख परंपरेत अखंड केस व डोक्यावरची दस्तार यांचा आधार म्हणून सांगितले जाते. मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल तो संत नामदेवांचा उल्लेख. ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या तिलंग रागातल्या पदात ते समोरच्या मुघलाच्या रूपात देवालाच पाहतात आणि म्हणतात, ‘खूबु तेरी पगरी मीठे तेरे बोल’. पगडी सुंदर आहे एवढेच नामदेव सांगतात, रंग सांगत नाहीत. वाणीत रंग येतात ते रूपक म्हणून. मंजिष्ठेचा पक्का रंग म्हणजे नामाचा रंग आणि करडईच्या फुलाचा, म्हणजे कुसुंब्याचा, लगेच उडणारा रंग म्हणजे मायेचा. या रूपकांच्या प्रभावामुळे, तसेच काही जुन्या रहतनाम्यांत, म्हणजे आचारनियमांच्या ग्रंथांत, भडक लाल वस्त्राला मनाई असल्यामुळे, कडक नियम पाळणारे काही अमृतधारी, म्हणजे विधिपूर्वक दीक्षा घेतलेले, शीख लाल पगडी टाळतात. बाकीच्या समाजात लग्नातली लाल किंवा डाळिंबी पगडी सर्रास दिसते.

निळ्या रंगाची कथा सर्वांत गुंतागुंतीची आहे, आणि म्हणूनच ती सावकाश सांगायला हवी. गुरू नानकांच्या ‘आसा दी वार’ या रचनेत निळे वस्त्र येते ते टीकेच्या सुरात. तुर्क-पठाणी अंमल आला, लोकांनी निळे कपडे अंगावर घातले, राज्यकर्त्यांची मर्जी मिळवण्यासाठी वेश बदलला, असा तिथला आशय. पुढे सुमारे दोनशे वर्षांनी हाच रंग खालसाच्या, म्हणजे गुरू गोविंदसिंगांनी उभारलेल्या दीक्षित शिखांच्या पंथाच्या, सर्वांत लढवय्या पथकाची, निहंगांची, खूण झाला. परंपरा सांगते की चमकौरच्या लढाईनंतर गुरू गोविंदसिंग माछीवाड्याच्या जंगलात पोचले. मुघल फौज मागावर होती. नबी खान आणि गनी खान या दोन पठाण भावांनी त्यांना निळी वस्त्रे नेसवली आणि ‘उचचे पीर’, म्हणजे उच या गावचे मुस्लिम संत, म्हणून पालखीतून वेढ्याबाहेर काढले. सुरक्षित ठिकाणी आल्यावर गुरूंनी ती वस्त्रे फाडून अग्नीत टाकली. टाकताना त्यांनी नानकांचीच ओळ बदलून म्हटली: निळे कपडे फाडले, तुर्क-पठाणी अंमल गेला. सोबतच्या भाई मानसिंग यांनी त्यातली एक चिंधी आपल्या पगडीत खोवून ठेवली आणि निहंगांच्या निळ्या बाण्याचा उगम तिथे झाला, असे मानतात. दुसऱ्या एका आख्यायिकेत हा मान गुरूंचे धाकटे पुत्र साहिबजादे फतेहसिंग यांना दिला जातो. लहानगा फतेहसिंग दुमाला नावाची उंच पगडी बांधून वडिलांपुढे आला आणि खालसाच्या लाडक्या फौजेचा वेश असाच असेल, असे गुरू म्हणाले. दोन्ही कथांचा कागदोपत्री पुरावा शोधत बसण्यापेक्षा त्यांतला अर्थ महत्त्वाचा. सक्तीने किंवा भीतीने अंगावर आलेला रंग खालसाने आपल्या हिमतीचा करून टाकला.

निहंगांची पगडी म्हणजे दुमाला. ती उंच निमुळती बांधतात, तिच्याभोवती पोलादी चक्रे आणि छोटी शस्त्रे अडकवतात आणि वरिष्ठ निहंग तिच्यातून ‘फर्रा’ नावाचा कापडाचा तुरा सोडतात. रंग निळा किंवा सुरमई, म्हणजे काळसर-करडी छटा असलेला निळा. महाराजा रणजितसिंगांच्या काळात अकाल तख्ताचे, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाचे, जथेदार (प्रमुख) असलेले आणि १८२३ मध्ये नौशेराच्या लढाईत पडलेले अकाली फुलासिंग हे या बाण्याचे सर्वांत आदराने घेतले जाणारे नाव. महाराष्ट्रात हा निळा रंग पाहायचा तर नांदेडला जावे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला त्या तख्त सचखंड हजूर साहिबमधून होळी आणि दसऱ्याला हल्ला-महल्ल्याची मिरवणूक निघते, तेव्हा निळ्या आणि केसरी पगड्यांनी गोदाकाठचे रस्ते भरून जातात. शिरोमणी अकाली दल १९२० मध्ये स्थापन झाला आणि त्यानेही निळा स्वीकारला. त्यामुळे पंजाबात ‘निळ्या पगड्यावाले’ म्हटले की आज निहंगांइतकेच त्या पक्षाचे कार्यकर्तेही डोळ्यांपुढे येतात.

केसरी आणि बसंती हे दोन रंग बाहेरच्या माणसाला एकच वाटतात. बसंती म्हणजे मोहरीच्या फुलांचा पिवळा. केसरी त्याहून गडद, नारिंगीकडे झुकणारा. दोन्ही रंग बलिदानाचे आणि चढत्या उत्साहाचे मानले जातात आणि नगरकीर्तनात, म्हणजे धार्मिक मिरवणुकीत, पुढे चालणारे पंज प्यारे (पहिल्या पाच खालसा शिखांचे प्रतीक असलेले पाच जण) बहुधा याच रंगांच्या चोल्यात आणि पगडीत असतात. रहत मर्यादेत पगडीचा रंग नसला तरी निशाण साहिबच्या, म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या ध्वजाच्या, कापडाचा रंग आहे: बसंती किंवा सुरमई. प्रत्यक्षात मात्र अनेक दशके बहुतेक गुरुद्वाऱ्यांवर केसरी निशाण फडकत होते. निर्मळे या शीख संप्रदायाचे साधू भगवे वस्त्र आणि भगवी पगडी वापरतात. केसरी आणि भगवा यांत गल्लत होते, ही पंथातली जुनी तक्रार होती. अखेर २०२४ मध्ये पाच सिंग साहिबांच्या, म्हणजे वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांच्या, निर्णयानंतर शिरोमणी समितीने निशाण साहिब पुन्हा मर्यादेप्रमाणे बसंती किंवा सुरमई करण्याच्या सूचना दिल्या आणि अमृतसरच्या हरमंदिर साहिबमध्ये, म्हणजे सुवर्णमंदिरात, बसंती निशाण चढले. पगडीवर याचे कोणतेही बंधन आले नाही. तिथे केसरीचा आणखी एक अर्थ आहे. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात झालेल्या लष्करी कारवाईनंतर निषेध आणि पंथनिष्ठा दाखवण्यासाठी केसरी पगड्या आणि दुपट्टे मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. बसंतीला जोडला गेला तो भगतसिंगांचा वारसा. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रात डोक्यावर हॅट आहे. बसंती पगडीतले भगतसिंग चित्रकारांनी आणि कॅलेंडरांनी घडवले. तरीही लोकमानसात ती प्रतिमा इतकी घट्ट बसली की मार्च २०२२ मध्ये भगतसिंगांच्या पूर्वजांच्या खटकड कलां या गावी भगवंत मान यांनी पंजाबच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा सभा बसंती पगड्यांनी पिवळी झाली होती.

काळी पगडी ही निषेधाची. फेब्रुवारी १९२१ मध्ये ननकाना साहिब येथे तिथल्या गुरुद्वाऱ्याच्या महंताच्या माणसांनी गुरुद्वारा सुधारणेसाठी लढणाऱ्या अकालींच्या जथ्याची कत्तल केली आणि त्यानंतर काळी पगडी हे गुरुद्वारा सुधारणा चळवळीचे चिन्ह झाले. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नजरेत काळी पगडी आणि मोठी किरपाण हीच अटकेला पुरेशी खूण होती. १९२२ मध्ये गुरू का बाग मोर्चात अकाली काळ्या पगडीवर पांढऱ्या फुलांची माळ गुंडाळून शांतपणे लाठ्या झेलायला जात; इंग्रज मिशनरी सी. एफ. अँड्र्यूज यांनी ते दृश्य स्वतः पाहून लिहून ठेवले आहे. आज मात्र काळी पगडी केवळ आवडीने बांधणारे असंख्य तरुण आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून निषेधाचा तर्क लावणे चुकीचे ठरेल.

पांढऱ्या रंगाला काटेकोर अर्थ आहे तो नामधारी पंथात. बाबा रामसिंगांनी १८५७ मध्ये भैणी साहिब येथे हा पंथ उभा केला. साधी राहणी आणि परदेशी कापडावर बहिष्कार ही त्याची शिकवण. नामधारी पांढरी पगडी कपाळावर सरळ आडवी बांधतात, इतर शिखांसारखा मधे कोन पाडत नाहीत, आणि काळा व निळा रंग वर्ज्य मानतात. नानकसर परंपरेतही पांढरी गोल पगडी चालते. अमेरिकेत १९६९ पासून योगी भजन यांच्या प्रभावाने शीख झालेल्या गोऱ्या स्त्री-पुरुषांनीही पांढरा वेश घेतला. पंजाबच्या गावांत पांढरी पगडी वयाची आणि शोकाचीही असते.

बहुसंख्य शिखांचे रोजचे रंग या सगळ्याशी फारसे जोडलेले नसतात. सदऱ्याला शोभेल, कार्यालयात चालेल, वर्दीला जुळेल, असा रंग निवडला जातो. पंजाबच्या बाजारात ‘ललारी’, म्हणजे कापड रंगवणारा कारागीर, पाच-सहा मीटर मलमल किंवा रुबिया घेऊन बसतो आणि गिऱ्हाइकाने आणलेल्या चिंधीवरून नेमकी छटा उतरवून देतो: फिरोजी, बदामी, मोतिया, पोपटी. पटियालाशाही पगडीत कपाळावर दिसणारी ‘फिफ्टी’ नावाची पट्टी मुद्दाम वेगळ्या रंगाची घेतात. डॉ. मनमोहनसिंग यांची फिकट निळी पगडी अनेकांना अकाली निळी वाटे. केंब्रिज विद्यापीठाची मानद पदवी स्वीकारताना २००६ मध्ये त्यांनी स्वतः सांगितले की हा त्यांचा आवडता रंग असून केंब्रिजच्या दिवसांची आठवण म्हणून तो त्यांच्या डोक्यावर आहे.