शैक्षणिक प्रामाणिकता (विद्यापीठीय)

अध्ययन, परीक्षा व संशोधन यांत आपले म्हणून जे सादर केले जाते ते खरोखर आपले असावे आणि दुसऱ्याचे घेतले असल्यास तसे नोंदवावे, असा विद्यार्थ्यांवरील नैतिक दंडक. कॉपी, वाङ्मयचौर्य, प्रयोगाची बनावट निरीक्षणे व प्रॉक्सी हजेरी हे त्याच्या भंगाचे परिचित प्रकार होत. प्रस्तुत नोंदीत मुंबई विद्यापीठाच्या (स्थापना १८५७) परिसरातील व्यवहार प्रामुख्याने विचारात घेतला आहे.

पूर्वपीठिका : ही कल्पना वसाहतकालीन परीक्षापद्धतीबरोबर आली, असे सामान्यतः मानतात. परीक्षेतील कॉपीपुरते ते पटण्यासारखे आहे. उसनवारीचा विचार मात्र बराच जुना. बाणभट्टाने (सातवे शतक) हर्षचरिताच्या आरंभीच शब्द बदलून व रचनेच्या खुणा लपवून लिहिणाऱ्या कवीला चोर म्हटले आहे. राजशेखराने (सु. नवव्या शतकाची अखेर ते दहाव्याचा आरंभ) काव्यमीमांसा या काव्यशास्त्रावरील ग्रंथात ‘हरणा’वर, म्हणजे दुसऱ्याच्या काव्यातील शब्द वा अर्थ उचलण्यावर, तीन अध्याय खर्ची घातले. त्याच्या मते मूळचा अर्थ तसाच ठेवून केवळ वाक्यरचना बदलली, तर ते ‘प्रतिबिंबकल्प’; किरकोळ संस्काराने वस्तू वेगळी भासवली, तर ‘आलेख्यप्रख्य’. असेच वर्गीकरण त्याआधी काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने केले होते. ‘नास्त्यचौरः कविजनः’ (चोर नसलेला कवी नाही) या राजशेखराच्या वचनाला काही अभ्यासक उसनवारीची मुभा समजतात, तर काही उपरोध. प्रतिबिंबकल्प सर्वथा टाळावा असे तो स्वतःच बजावतो, हे पाहता पहिले मत स्वीकारणे अवघड वाटते.

परीक्षा : महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे. चिठ्ठी जवळ बाळगणे व तीवरून प्रत्यक्ष उतरवणे हे वेगवेगळे गैरप्रकार धरले जातात. पर्यवेक्षकाने चिठ्ठी व उत्तरपत्रिका ताब्यात घेणे, चिठ्ठीवर विद्यार्थ्याची सही व लेखी जबाब घेणे आणि उरलेल्या वेळासाठी नवी उत्तरपत्रिका देणे, अशी सर्वसाधारण रीत आहे. सही घ्यायची राहिली की चौकशीत ‘ही चिठ्ठी माझी नव्हे’ हा बचाव हमखास येतो. विद्यार्थ्याची बाजू ऐकल्याविना शिक्षा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये स्पष्ट केले. पुढे दुसऱ्या एका निकालात दोन उत्तरपत्रिकांतील सारख्याच चुका हा कारवाईस पुरेसा आधार मानला. बरोबर उत्तरे जुळण्याला अर्थातच तेवढे वजन नाही.

संशोधन : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त आहे. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० मध्ये वर्षभर तो सादर करता येत नाही. ६० वर नोंदणी रद्द होते. श्रेयासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमे, प्रमाण समीकरणे आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वपरिचित वा योगायोगाचे साम्य मोजणीतून वगळायचे असते. तपासणी-सॉफ्टवेअरमध्ये हे पर्याय निवडायचे राहून गेले, तर लांबलचक ग्रंथसूची असलेला निर्दोष प्रबंधही सहज मर्यादा ओलांडतो. गोषवारा, निरीक्षणे, निष्कर्ष या गाभ्याच्या भागांत अजिबात साम्य नसावे, ही २०१७ च्या मसुद्यातील तरतूद अंतिम विनियमांत आली नाही. ती वगळायला नको होती. दोन टक्के साम्य निष्कर्षात असणे आणि पार्श्वभूमीत असणे या एकच गोष्टी नव्हेत.

मराठी प्रबंधांची तपासणी आणखी बिकट. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द धरला जातो. साहजिकच १४ मराठी शब्दांत १४ इंग्रजी शब्दांपेक्षा अधिक मजकूर मावतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर सॉफ्टवेअरला रोमन अक्षरांची खिचडी दिसतो, आणि साम्य शून्याजवळ येते. युनिकोडमध्येही ‘ऱ्य’ दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना सारखेच दिसणारे शब्द त्यामुळे जुळत नाहीत. इंग्रजी लेखाचा सरळ मराठी अनुवाद बहुधा सुटतो. तो पकडायला त्या विषयातला वाचकच लागतो.

प्रकल्प व जर्नल : प्रकल्प-अहवाल, असाइनमेंट व उत्तरपत्रिका २०१८ च्या विनियमांच्या कक्षेबाहेर आहेत. मुंबईत काळ्या रेक्झिनच्या बांधणीमुळे ‘ब्लॅक बुक’ म्हणून ओळखला जाणारा पदवीचा प्रकल्प त्यातलाच. सीनियरच्या फाइलमधील नाव-वर्ष बदलून बांधून घेतलेली प्रत ओळखू येते ती जुन्या आकडेवारीवरून आणि प्रश्नावलीचे मूळ भरलेले फॉर्म मागितले म्हणजे. विज्ञानशाखेत जर्नल (प्रयोगवही) प्रमाणित असल्याखेरीज प्रात्यक्षिक परीक्षेस बसता येत नाही, त्यामुळे अखेरच्या आठवड्यात ते उतरवण्याची धांदल उडते. लंबकाच्या प्रयोगात उत्तरावरून उलटे काढलेले रीडिंग आलेखावर अगदी सरळ रेषेत बसते. हाताने स्टॉपवॉच दाबून घेतलेल्या वेळा इतक्या नेटक्या क्वचितच येतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या मजकुराचा २०१८ च्या विनियमांत उल्लेख नाही. अशा वेळी तोंडी परीक्षेत प्रकल्पातील एखादा तक्ता दाखवून तो कसा तयार केला, हे विचारणे अधिक उपयोगी पडते.