ग्वाल्हेरचा दगड पापुद्रे का सोडतो? थोडी पार्श्वभूमी

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जमिनीपासून दोन-तीन फूट सोललेल्या दिसतात, बोट लावलं की वाळू गळते, आणि बघणारा म्हणतो दगड म्हातारा झाला. पण किल्ल्याच्या डोंगराचा हा दगड 100 कोटी वर्षांहून जुना आहे, त्याला शेदीडशे वर्षांनी काय होणार? कुठला दगड कुठे फुटणार हे बरंचसं तो तयार होतानाच ठरतं, म्हणून गोष्ट तिथून सांगायला हवी.

आपला दगड विंध्य समूह म्हणतात त्या जुन्या खडकांच्या थरांतला वालुकाश्म, म्हणजे सँडस्टोन. पाण्याने आणलेली वाळू थरावर थर बसत गेली, मग सिलिका, लोह वगैरेंनी कण एकमेकांना चिकटले. दोन थरांमधली पकड कमी, त्यामुळे पाचर मारली की सपाट लादी सुटते, इकडच्या जुन्या घरांवर पटियांची, म्हणजे अशा दगडी लाद्यांची, छतं आहेत ती याच गुणामुळे. जिथे थर जाड आणि सलग मिळाला तिथे तोमर राजांच्या काळात, 15व्या शतकात, उरवाई दरवाज्याच्या बाजूला 50 फुटांहून उंच जैन मूर्ती कोरता आल्या, पातळ थरांच्या दगडात हे जमलंच नसतं.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड, साताऱ्याकडचं, तिथला दगड पूर्ण वेगळा. तो बसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थंड होताना आकसला आणि आकसताना त्यात उभ्या भेगा पडल्या, मग त्या भेगांतून पाणी शिरून कोपरे आधी कुजतात आणि दगड कांद्यासारखा गोल सालींनी सुटत जातो. झाशीचा किल्ला आहे ग्रॅनाइटवर, तो जमिनीखाली खोल दाबात तयार झालेला, वरचं ओझं झिजून गेल्यावर फुगतो आणि पृष्ठभागाला समांतर जाड पाती सोडतो. ट्रेनने पुण्याहून ग्वाल्हेरला येताना तिन्ही दगड एकाच प्रवासात लागतात, मला तरी ही फार मोठी गोष्ट वाटते.

माणसाला दगड फोडता आधी आला, का फुटतो ते खूप नंतर कळलं. जुने खाणकामगार खडकाला आग लावून तापवायचे, नंतर 17व्या शतकात युरोपातल्या खाणींत सुरुंगाची दारू आली. फ्रेंच अभियंता कूलाँबने 1773 साली दगड कुठल्या तिरक्या पातळीवर घसरून तुटतो याचा हिशोब मांडला, आणि 1921 मध्ये इंग्रज अभियंता ग्रिफिथने काचेवर काम करून दाखवलं की सगळा ताण बारीक भेगेच्या टोकाशी गोळा होतो. म्हणूनच दगड दाबाला दणकट पण ताणाला, म्हणजे ओढलं जाण्याला, कच्चा, साधारण दहा पटीने कच्चा.

आता उन्हाचं. ग्वाल्हेरचा मे महिना बघून कोणालाही वाटेल की दगड तापून आणि गार होऊनच तडकतो. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रिग्जने 1936 मध्ये ग्रॅनाइट हजारो वेळा तापवून थंड केला, कोरडा असताना फारसं काही झालं नाही, पाणी वापरलं तेव्हा मात्र फरक दिसला. पुढे दगडांना सेन्सर लावून ऐकलं तेव्हा उन्हानेही भेगा हळूहळू वाढतात असं कळलं, तरी पाण्याचं महत्त्व कमी झालेलं नाही.

वाड्यांचा मामला हाच आहे. जमिनीतली ओल भिंतीत चढते, सोबत क्षार आणते, पाणी उडून गेलं की क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि आतून ताण देतात, आणि ताणाला तर दगड कच्चाच. जुना चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर सोडायचा. आपण त्यावर सिमेंट थापतो, ओल तिथून निघत नाही, शेजारच्या उघड्या दगडातून निघते आणि तोच सोलतो. दुरुस्ती काढाल तेव्हा कृपया चुनाच वापरा, चुन्याचं काम येणारा कारागीर शोधायला वेळ लागला तरी चालेल.