अत्तराचा वास खोलीभर विसरणाने पसरतो?

कोपऱ्यात अत्तराची बाटली उघडली की वास पलीकडे पोहोचतो, हेच विसरण, म्हणजे रेणूंनी आपापल्या धावपळीनेच पसरत जाणं, असं शाळेपासून ऐकतो. रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावतात म्हटल्यावर पटतंही.

१८५८ साली डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी इथेच बोट ठेवलं: रेणू एवढे वेगवान, तर तंबाखूचा धूर खोलीत थर धरून का रेंगाळतो? जर्मन शास्त्रज्ञ क्लाउजियस यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. रेणू सरळ जातच नाही. हवेत तो मिलिमीटरचा दहाहजारावा भागही कापण्याआधी दुसऱ्यावर आपटतो. सेकंदाला अब्जावधी टकरा.

आता हिशेब. बाष्पाचा विसरणांक (विसरण किती झपाट्याने होतं ते सांगणारा आकडा) सेकंदाला ०.१ चौ. सेंमी धरा. १० सेंमी जायला आठेक मिनिटं लागतात. अशा वेड्यावाकड्या वाटेत वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो: अंतर ३० पट झालं की वेळ ९०० पट, म्हणजे ३ मीटरला तब्बल ५ दिवस!

मिनिटभरात वास आणून देते ती वाहती हवा: पंखा, उघडलेलं दार, अंगाची ऊबसुद्धा. उदबत्तीचं तर बोलायलाच नको, तिथे गरम हवाच धूर उचलते.

विसरणाचा खरा अंमल अगदी छोट्या अंतरांवर. पानाच्या रंध्रांत, फुफ्फुसातल्या वायुकोशांत त्याच्यावाचून पान हलत नाही.