स्पेक मियाटा: जुन्या माझ्दांचा गट कसा फोफावला

फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझ्दाने एमएक्स-५ मियाटा आणली. दोन सीट, रिअर-व्हील ड्राइव्ह, १.६ लिटर, ११६ अश्वशक्ती, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. दहा वर्षांत अमेरिकेच्या सेकंडहँड बाजारात या गाड्यांचा ढीग साचला. त्यातूनच स्पेक मियाटा हा शर्यतीचा गट उभा राहिला: सगळ्यांच्या गाड्या जवळपास सारख्या.

स्वस्तात शर्यत करणाऱ्याला तोवर स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेचा शोरूम स्टॉक गट होता, म्हणजे दुकानातली गाडी जवळपास तशीच ट्रॅकवर. पण गाडी ठरावीक वयाची झाली की बाद. दुसरा पर्याय १९८४ची स्पोर्ट्स रेनो ही रेसिंग कार, म्हणजे नंतरची स्पेक रेसर फोर्ड, सगळ्यांना सारखी. मात्र ती निव्वळ ट्रॅकची, भंगारवाल्याकडे तिचे पार्ट कुठून मिळणार?

नव्वदच्या दशकाअखेरीस स्पेक मियाटाने दोन्हीतलं बरं ते उचललं. गाडी १९९० ते २००५ची, हार्डटॉप (कडक छप्पर) आणि रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) सक्तीचे, सस्पेन्शन किट सगळ्यांना एकच: आधी बिल्स्टीनचे शॉक ॲब्सॉर्बर आणि आयबाखच्या स्प्रिंग, पुढे पेन्स्केचे शॉक. रिम १५ बाय ७ इंची. नंतरच्या १.८ लिटरवाल्यांना वजन जास्त आणि इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेत रिस्ट्रिक्टर प्लेट (हवा कमी करणारी चकती), म्हणजे जुनी १.६ही शर्यतीत टिकते. २००६मध्ये गटाला राष्ट्रीय दर्जा मिळाला.

दुखणी ठरलेली. रेसिंग टायरच्या पकडीने पुढच्या हबची (चाक ज्यावर बसतं त्या भागाची) बेअरिंग लवकर जातात. गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. जरासा प्ले (ढिलेपणा) लागला तरी हब बदला. तो सीलबंद असतो, ग्रीस भरून भागत नाही. दुर्लक्ष केलं तर वळणावर चाकच निखळू शकतं. सुरुवातीच्या १.६मध्ये क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) नाक, म्हणजे पुली बसते ते टोक, आखूड: पुलीचा बोल्ट सैल झाला, तर पुली जागेवर धरणारी छोटी पाचर (की) खाचेत हलते, व्हॉल्व्हचं टायमिंग चुकतं, शेवटी क्रँक भंगारात. इंजिन घेण्याआधी क्रँक पुलीवर दिसणाऱ्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड नाक, आठ असतील तर लांब.

पार्ट सारखे असले की चढाओढ नजरेआड सरकते. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवरच्या २०१४च्या राष्ट्रीय अंतिम शर्यतीनंतर इंजिनं उघडली, तेव्हा आघाडीच्या अनेक गाड्या सिलिंडर हेडवरून (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागावरून) बाद झाल्या. व्हॉल्व्ह सीटखालची कड हवा सुरळीत जावी म्हणून नियमाबाहेर घासलेली होती. गाडी स्वस्त, पण पहिल्या पाचात नेणारं इंजिन स्वस्त नाही. नवख्याने केजसकट तयार गाडीच घ्यावी; एकेक पार्ट जमवून बांधायला गेलं, तर बहुधा जास्तच पैसे जातात.