न्यूयॉर्क : पाठीवर सॅक टाकून जाणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून न्यूयॉर्कचं तिकीट काढणाऱ्यांत विशी-पंचविशीतली मुलं-मुली बरीच असतात. कुणी पहिल्या नोकरीतून पैसे साठवून निघतं, कुणी तिकडे शिकणाऱ्या मित्राकडे चार दिवस टेकून मग शहर बघायचं ठरवतं. ग्रुप टूर त्यांना नको असते, आणि आम्हाला ते पटतं. हे शहर बसच्या खिडकीतून बघण्यासारखं नाही. मात्र स्वतःच्या हिमतीवर हिंडायचं तर काही गोष्टी आधीच ठाऊक हव्यात. त्यासाठी हे पत्रक. वाचून झालं की घरच्यांनाही द्या.

आमचा आग्रह एवढाच, की तिकीट काढून लिफ्टने वर जायच्या जागा कमी करा आणि पायी चालायचे तास वाढवा. न्यूयॉर्कमधलं उत्तम ते बरंचसं फुकट किंवा सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, एका तिकिटात बघता येतं. वाचलेले पैसे विम्यावर आणि राहण्याच्या जागेवर घाला. तिथे काटकसर करू नका.

व्हिसा आणि विमानतळावरची खिडकी

भारतीय पासपोर्टवर फिरायला जायचं तर बी१/बी२ व्हिसा लागतो. मुलाखतीची तारीख मिळायला किती महिने लागतील याचा नेम नसतो, म्हणून आधी व्हिसा आणि मग तिकीट, हा क्रम मोडू नका. व्हिसा बहुतेकदा दहा वर्षांचा मिळतो, पण त्या खेपेला किती दिवस राहता येईल ते तिथला अधिकारी विमानतळावर ठरवतो. कुठे राहणार, किती दिवस, खर्च कोण करणार, परत कधी, असे साधे प्रश्न असतात. खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग छापून हाताशी ठेवा, तेव्हा मोबाईलची बॅटरी संपलेली असू शकते.

इंटरनेटवर ‘रोज काही तास हॉस्टेलमध्ये काम करा आणि खाट फुकट मिळवा’ अशा जाहिराती दिसतात. पर्यटक व्हिसावर हे करू नका. पैसे हातात पडत नाहीत म्हणून ते काम नव्हे, असं तिथला कायदा मानत नाही. खाट हा मोबदलाच धरला जातो आणि पुढचे सगळे व्हिसा त्यापायी अडू शकतात. गांजाचंही तसंच. न्यूयॉर्क राज्यात २१ वर्षांवरच्यांना तो कायदेशीर आहे, दुकानं राजरोस उघडी दिसतील. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तो अजून गुन्हा आहे आणि व्हिसा केंद्राच्या हातात असतो. परदेशी पाहुण्याने त्या वाटेला जाऊ नये. दारूसाठीही वय २१ लागतं, आणि ओळखपत्र म्हणून पासपोर्ट मागतात.

खाऊ नेताना ताजी फळं, भाज्या, बिया आणि मांसाचे पदार्थ टाळा. मे महिन्यात मित्रासाठी हापूस न्यायचा मोह होतो, तो विमानतळावरच काढून घेतील. चकली-चिवडा नेताना विचारलं तर सरळ सांगून टाका. खाणं सोबत आहे हे लपवल्याचा दंड होतो.

राहायचं कुठे

सप्टेंबर २०२३ पासून न्यूयॉर्क शहरात ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी अख्खं घर भाड्याने देता येत नाही. घरमालक त्याच घरात राहत असला पाहिजे, पाहुणे फार तर दोन हवेत, आणि शहराकडे नोंदणी हवी. त्यामुळे ‘मॅनहॅटनमध्ये चौघांसाठी स्वस्त फ्लॅट’ अशी जाहिरात दिसली तर पैसे पाठवू नका. हॉस्टेलंही या शहरात युरोपच्या मानाने कमीच आहेत आणि उन्हाळ्यात लवकर भरतात.

खाट निवडताना मॅनहॅटनचा, म्हणजे शहराच्या मुख्य बेटाचा, पत्ता बघण्यापेक्षा सबवेचं स्टेशन किती जवळ आहे ते बघा. क्वीन्समधली लाँग आयलंड सिटी नदीपलीकडे आहे, पण मॅनहॅटन तिथून एक-दोन स्टेशनांवर. न्यू जर्सीत जर्सी सिटीहून मॅनहॅटनला जाणारी ‘पाथ’ नावाची रेल्वे रात्रभर चालते, तिचं भाडं मात्र सबवेहून वेगळं. डॉर्ममध्ये राहणार असाल तर लॉकरसाठी कुलूप घरून न्या आणि चेक-आऊटनंतर सॅक ठेवून घेतात का, हे बुकिंगआधी विचारा. मोठी सॅक घेऊन बऱ्याच म्युझियमांत आत सोडत नाहीत.

सबवे समजून घ्या, शहर समजेल

जेएफके विमानतळावर उतरलात तर टर्मिनलच्या आत ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत मागे लागणाऱ्यांकडे बघूही नका. विमानतळाच्या एअरट्रेनने जमैका स्टेशन गाठा, तिथून सबवेची ई गाडी थेट मॅनहॅटनमध्ये जाते. रात्री उशिरा पोहोचून तिघं-चौघं असाल तर बाहेरच्या अधिकृत रांगेतली पिवळी टॅक्सी घ्या. जेएफके ते मॅनहॅटन तिचं भाडं ठरलेलं असतं, वर टोल, अधिभार आणि टिप.

१९०४ साली सुरू झालेली सबवे चोवीस तास चालते. एका प्रवासाला साधारण ३ डॉलर, अंतर कितीही असो. वेगळा पास काढायची गरज नाही. फाटकावर कार्ड किंवा मोबाईल टेकवा, आत जा. सात दिवसांत सुमारे ३५ डॉलर झाले की त्या आठवड्यातले पुढचे प्रवास फुकट होतात. अट अशी, की दरवेळी तेच कार्ड टेकवलं पाहिजे. एकदा कार्ड आणि एकदा मोबाईल असं केलंत तर यंत्र दोन वेगळे प्रवासी धरतं, भले खातं एकच असो.

शिरण्याआधी पाटी वाचा. ‘अपटाऊन’ म्हणजे उत्तरेकडे, ‘डाऊनटाऊन’ म्हणजे दक्षिणेकडे. काही स्टेशनांवर दोन्ही दिशांची दारं रस्त्याच्या दोन बाजूंना असतात आणि आतून पलीकडे जाता येत नाही. चुकीच्या दारातून गेलात तर बाहेर येऊन पुन्हा भाडं भरावं लागतं. एक्स्प्रेस गाडी मधली स्टेशनं सोडते, आपल्या फास्ट लोकलसारखी. शनिवार-रविवारी दुरुस्तीच्या कामांमुळे मार्ग बदलतात, तेव्हा सकाळी निघताना तपासून घ्या. आणि भरगच्च गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर त्यात शिरू नका. बिघडलेला एसी, नाहीतर असह्य वास, काहीतरी कारण असतंच.

जमिनीवर दिशा सापडणं सोपं आहे. १८११ च्या आराखड्याने मॅनहॅटनचा मोठा भाग चौकटींत आखला. स्ट्रीट आडवे, त्यांचे आकडे उत्तरेकडे वाढत जातात, अॅव्हेन्यू उभे. वीस स्ट्रीट ओलांडले की साधारण एक मैल झाला. दोन अॅव्हेन्यूंमधलं अंतर मात्र बरंच लांब असतं, पायांना ते लगेच कळतं.

काय बघायचं

पहिल्या संध्याकाळी स्टेटन आयलंड बेटाकडे जाणारी नारिंगी फेरीबोट धरा. १९९७ पासून ती फुकट आहे. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाच्या व्हाइटहॉल टर्मिनलवरून सुटते, पंचवीसेक मिनिटं लागतात. जाताना उजव्या बाजूच्या कठड्याशी उभे राहा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा तिकडेच येतो. पलीकडे सगळ्यांना उतरावं लागतं, वळसा घालून परत चढायचं. टर्मिनलबाहेर या फेरीचीही ‘तिकिटं’ विकणारे भेटतात. फेरी फुकट आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. पुतळ्याच्या बेटावर उतरायचं असेल तर मात्र बॅटरी पार्कवरून वेगळी, पैसे भरून जाणारी बोट आहे, आणि मुकुटापर्यंत चढायचं तिकीट खूप आधी काढावं लागतं.

ब्रुकलिन ब्रिज पायी ओलांडल्याशिवाय परत येऊ नका. ए किंवा सी गाडीने हाय स्ट्रीटला उतरा आणि ब्रुकलिनकडून मॅनहॅटनकडे चालत या, म्हणजे उंच इमारती सतत समोर राहतात. चालायची वाट गाड्यांच्या वरच्या अंगाला आहे, मधल्या भागात पायाखाली लाकडी फळ्या. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग नदीतळाच्या पायाचं काम करताना हवेच्या दाबामुळे होणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळला. त्यानंतर त्याची बायको एमिली हिने गणित आणि बांधकामशास्त्र शिकून वर्षानुवर्षं त्याच्या सूचना कामावर पोहोचवल्या, अभियंत्यांशी बोलणी केली. २४ मे १८८३ ला पूल खुला झाला.

त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे पूल नवाकोरा असताना, आपल्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. वय अठरा, नवरा सोबत नाही. पुढे फिलाडेल्फियात शिकून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच वर्षी पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा नवऱ्याने, गोपाळरावांनी, अमेरिकेत त्यांना आधार देणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, ती ठेवलेली आहे. वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. मॅनहॅटनमधल्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून हडसन मार्गाची गाडी जवळजवळ दोन तासांत तिथे नेते. जाताना डाव्या खिडकीशी बसा, हडसन नदी जवळजवळ सगळ्या वाटेवर सोबत असते. स्टेशनपासून पुढे टॅक्सी करा. तुमच्याकडे एक दिवस मोकळा असेल तर तो एखाद्या मॉलऐवजी इथे घालवा, असं आम्ही मनापासून सुचवतो.

शहरातच, ११६ व्या स्ट्रीटवर, कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ साली बावीस वर्षांचे बाबासाहेब आंबेडकर इथे शिकायला आले आणि १९१६ पर्यंत राहिले. विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. अलीकडे आवारात बाहेरच्यांना सहज सोडत नाहीत, म्हणून आधी चौकशी करून जा.

म्युझियमांबद्दल जुनी ऐकीव माहिती बरीच फिरते. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ‘वाटेल तेवढे पैसे द्या’ ही सोय २०१८ पासून न्यूयॉर्क राज्याचे रहिवासी आणि शेजारच्या दोन राज्यांतले विद्यार्थी यांच्यापुरतीच आहे. तुम्हाला पूर्ण तिकीट पडेल. ते महाग आहे, पण अख्खा दिवस द्यायची तयारी असेल तर वसूल होतं. ते बुधवारी बंद असतं. व्हिटनी म्युझियम मात्र २०२४ च्या डिसेंबरपासून २५ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना मोफत आहे, पासपोर्ट जवळ ठेवा. त्याच्या दारातच हाय लाईन सुरू होते. मालगाड्यांच्या जुन्या उन्नत रुळांवर केलेली ही बाग ३४ व्या स्ट्रीटपर्यंत जाते, आणि तीही फुकट.

टाइम्स स्क्वेअर रात्री एकदा बघा आणि पुढे सरका. तिथे कार्टूनचे पोशाख घातलेले लोक खांद्यावर हात टाकून फोटो काढू देतात आणि मग पैसे मागतात. जवळच ब्रायंट पार्क आहे. तिथलं सार्वजनिक स्वच्छतागृह नीट ठेवलेलं असतं, आत ताजी फुलंसुद्धा असतात. या शहरात अशी सोय दुर्मिळ आहे, तेव्हा दिसली की वापरा. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या, बाटली भरून घेत चला.

खाणं आणि पैसे

पाटीवर लिहिलेली किंमत शेवटची नसते. तयार खाण्यावर जवळपास ९ टक्के विक्रीकर लागतो आणि टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलात १८ ते २० टक्के टिप द्यावीच लागते, कारण वाढणाऱ्यांचं उत्पन्न बरंचसं तिच्यावरच चालतं. काउंटरवरून स्वतः उचलून घेतलं तर टिपची सक्ती नाही. पिझ्झाचा एक मोठा तुकडा, बेगल, गाडीवरचं फलाफल, यावर दिवस निघतो. शाकाहारी असाल तर सूपमध्ये चिकनचं पाणी आहे का हे स्पष्ट विचारा. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही.

घरच्या चवीची आठवण आली की ७ नंबरच्या गाडीने क्वीन्सला जा. जॅक्सन हाइट्सला उतरलात तर चाट, थाळी आणि तिबेटी मोमो. शेवटच्या फ्लशिंग स्टेशनला गेलात तर बाउन स्ट्रीटवर १९७७ साली प्रतिष्ठापना झालेलं गणपतीचं देऊळ, आणि त्याच्या तळघरातल्या कँटीनमध्ये गरमागरम डोसे.

आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय आपण स्वतः सुरू केल्याशिवाय चालत नाही. हे निघण्याआधी घरीच करा आणि इथल्या एखाद्या दुकानात टेकवून बघा. दोन कार्डं न्या, दोन वेगळ्या जागी ठेवा.

आई-बाबांसाठी

‘रात्री सुरक्षित आहे का?’ हा तुमचा पहिला प्रश्न असतो. गर्दीच्या भागात रात्री दहा-अकराला रस्ते गजबजलेले असतात. त्यानंतर सबवेत कंडक्टरच्या, म्हणजे मधल्या, डब्यात बसावं, फलाटाच्या कडेला उभं राहू नये, कुणी आरडाओरडा करत असेल तर डबा बदलावा. आणीबाणीत ९११. भारताचा वाणिज्य दूतावास ईस्ट ६४ व्या स्ट्रीटवर आहे.

खरी भीती वेगळीच आहे. पाय मुरगळून इमर्जन्सीत जावं लागलं तरी बिल हजारो डॉलरांत जाऊ शकतं. म्हणून वैद्यकीय विमा घेतल्याशिवाय आम्ही कुणालाही पाठवत नाही. पॉलिसी आमच्याकडूनच घ्या असं नाही. कुठूनही घ्या, पण रक्कम भरपूर असावी आणि आधीपासूनचा दमा, मधुमेह वगैरे असेल तर तो लपवू नये.

आमच्याकडे येताना पासपोर्ट, जुने व्हिसा, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि नोकरीचं किंवा कॉलेजचं पत्र आणा. एप्रिलअखेर ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे हवेच्या दृष्टीने चांगले महिने, जानेवारीत जाणाऱ्यांनी जाड कोट आणि पाणी न शिरणारे बूट यांचा खर्च धरावा. निघण्याच्या आदल्या दिवशी पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि तिकीट यांचे फोटो घरातल्या एकाला पाठवून ठेवा, आणि एक छापील संच सॅकच्या तळाशी.